अर्ध्या विहिरीची रोजनिशी

दिवाळी सरून पंधरवडा झाला असेल नसेल, तोच कल्याणराम मास्तर एका ट्रंकेत कोऱ्या वह्या भरून तंजावरहून कुंभकोणला आले आणि थेट मेलकावेरीतल्या आमच्या मराठी गल्लीत उतरले. मास्तर कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात एक इतिहास मंडळ चालवायचे. मंडळात माणसं मोजकी, त्यांतलीही निम्मी एकमेकांशी अबोला धरून बसलेली. पण मास्तरांच्या उत्साहाला त्याची बाधा नव्हती. एकादशीचं भजन आटोपलं, विठ्ठलाची आरती झाली, प्रसादाची केळी वाटली गेली आणि लोक उठायच्या आत मास्तर उभे राहिले.

"राजेलोकांचें अस्कें, बारीकसारीक सगळें, लिहून ठेविलें आहे," ते म्हणाले. "हत्ती किती, घोडे किती, कोण्या राणीनं कोण्या देवळाला काय दिलें. पण त्याच वेळीं गल्लींत राहणारी बाई सकाळीं उठून काय रांधीत होती, कोणावर रुसत होती, हें कोणीं लिहिलें नाहीं. आणखी शंभर वर्षांनीं कोणी आपला शोध घेत आला, तर त्याला काय सांपडेल?"

"तुळशीवृंदावन," मागून गुरुमूर्ति म्हणाला. "तेंही पडकें."

लोक हसले. गुरुमूर्तीचं पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि दिवसभर भांडी ठोकून बघायची सवय असल्यामुळे समोर येईल त्या गोष्टीवर तो एक टिचकी मारून बघायचाच.

मास्तर डगमगले नाहीत. त्यांनी बेत सांगितला. ज्याला लिहिता येतं त्यानं एक वही घ्यावी आणि वर्षभर रोजचं लिहावं. जे दिसलं, जे ऐकलं, तेवढंच. सजवू नये, लपवू नये. वर्ष संपलं की वह्या एका पेटीत घालून पेटीला मोहोर लावायची, आणि ती शंभर वर्षं उघडायची नाही.

"तेव्हां कोणाची भीड धरूं नका," मास्तर म्हणाले. "ज्यांच्याविषयीं लिहाल ते अस्के तोंवर गेलेले असतील."

हे शेवटचं वाक्य ऐकून बायकांच्या रांगेतून एक हात पुढं आला. तो गुरुमूर्तीच्या बायकोचा, गोमतीचा होता. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या, घर मोठं, दुपार लांब. तिला लिहिता येत होतं, पण शाळा तमिळमधून झालेली, म्हणून मराठी बोलणं ती तमिळ अक्षरांत लिहायची. तसं चालेल का, असं तिनं विचारलं. शंभर वर्षांनंतरच्या लोकांना तेवढी अक्कल असेल, असं मास्तर म्हणाले.

गल्लीत वह्यांचा सुकाळ झाला आणि माणसाच्या हातात लेखणी दिली की काय होतं ते दिसू लागलं. विशालाक्षीच्या वहीवर विश्वास ठेवला तर तिच्या घरी रोज पुरणपोळी, दोन खिरी आणि चार भाज्या होत होत्या. शंभर वर्षांनी कोणी वाचणार तर त्याच्यापुढं काय ताक-भात वाढायचा, असा तिचा रास्त सवाल होता. म्हातारे व्यंकोजीअण्णा फक्त आपल्या पोटाविषयी लिहायचे, आणि तेही रोज नव्यानं आश्चर्य वाटल्यासारखं. गोमती मात्र सांगितल्याप्रमाणे वागली. जेवणं उरकली की ती मागीलदारी विहिरीशी बसायची आणि दिसलेलं-ऐकलेलं लिहायची.

आता इथं विहिरीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच घडलं.

गुरुमूर्तीचं घर आणि त्याच्या थोरल्या भावाचं, महालिंगाचं घर, ही एकमेकांना खेटून होती. बापानं वाटणी केली तेव्हा सगळं दोन झालं, पण विहीर कशी दोन करणार? मग मधली भिंत विहिरीच्या तोंडावरून कमानीसारखी नेली. अर्धी विहीर या घरात, अर्धी त्या घरात, पाणी एकच. दोन्हीकडं एकेक कप्पी. इकडच्या बाईला तिकडची बाई दिसत नसे, पण कमानीखालून आवाज मात्र असा यायचा की पलीकडचं माणूस मांडीला मांडी लावून बसलंय असं वाटावं.

पलीकडं अंबुजा राहायची, महालिंगाची बायको, गोमतीची थोरली जाऊ. आणि त्या दोघी गेल्या महामखापासून एकमेकींशी बोलत नव्हत्या.

महामख म्हणजे बारा वर्षांनी येणारं पर्व. त्या दिवशी साऱ्या नद्या आमच्या गावच्या तळ्यात येतात अशी श्रद्धा. देशभरातून माणूस लोटतं आणि कुंभकोणातल्या प्रत्येक घराची धर्मशाळा होते. गेल्या खेपेला दोन्ही घरं पाहुण्यांनी भरली होती. स्वयंपाक गोमतीकडं होता. आदल्या दिवशी ठरलं होतं की पहाटे सासूबाईंना घेऊन दोघी जावांनी स्नानाला जायचं. गोमती सोवळं नेसून, चुलीवर मोठं पातेलं चढवून वाट बघत राहिली. उजाडलं, ऊन वर आलं, आणि ओल्या लुगड्यांनी हसत-बोलत सगळे परत आले. अंबुजा सासूबाईंचा हात धरून पुढं होती. गोमतीला कोणी हाकच मारली नव्हती. मग वाढायची घाई, मग दुसरी पंगत, मग तिसरी. तळं गावातल्या गावात, आणि काशी-रामेश्वरहून आलेली माणसं न्हाऊन गेली. अख्ख्या गल्लीत कोरडी राहिली ती एकटी गोमती.

ती त्या वेळी एकही शब्द बोलली नाही आणि मग बोलणंच थांबलं. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. पुढं सासूबाई गेल्या, तीन वर्षांपूर्वी महालिंगभावोजी गेले. सासूबाईंच्या वेळी दोघी तेरा दिवस एका चुलीशी राबल्या. मीठ हवं असलं तर अंबुजा भिंतीकडं बघून म्हणायची, "मीठ लागेल." गोमती मिठाचं भांडं तिच्याजवळ ठेवून द्यायची, तीही भिंतीकडं बघूनच. ती भिंत बिचारी दोघींच्या मधे निरोप्यासारखी उभी होती.

आणि आता पुढचं महामख माशी या तमिळ महिन्यात, म्हणजे माघाच्या सुमारास, येऊन ठेपलं होतं. ते झालं की अंबुजा कायमची मद्रासला जाणार होती. तिचा मुलगा नटराज तिकडं रेल्वेत होता. त्याला राहायला जागा मिळाली होती. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. गोमतीला हे सगळं दूधवालीकडून कळलं होतं. महामखाच्या आत काही बोलणं झालं तर झालं, नाही तर या जन्मी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बारा वर्षांचा अबोला मोडायचा तर आधी तोंड कोणी उघडायचं? आपण उघडायचं नाही, एवढं तिचं ठरलेलं होतं.

म्हणून ती लिहीत होती. आपलं लिहायला बसायची, पण हात आपोआप पलीकडं जायचा. शंभर वर्षांनंतरच्या त्या अनोळखी माणसाला तिनं सांगितलं की पलीकडच्या बाईला सुरण आवडतं पण आता घशाला खाजतं. पलीकडं आज कोणी आलं नाही. पलीकडं आज गाणं म्हटलं, अर्ध्यावर सोडलं. त्या माणसाशी बोलताना तिला मोकळं वाटायचं. तो काही भिंतीपलीकडं जाऊन सांगणार नव्हता.

मार्गळी महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षात, मास्तर पुन्हा आले, वह्या चाळायला घेऊन गेले, आणि वैकुंठ एकादशीला त्या परत द्यायला हिरमुसलं तोंड घेऊन आले. भजनानंतर ते उभे राहिले. विशालाक्षीच्या पुरणपोळ्यांचं नाव न घेता ते म्हणाले की असं लिहू नये. व्यंकोजीअण्णांच्या पोटाचं नाव न घेता म्हणाले की एवढंच लिहू नये.

"रोजचं लिहिणें कसें असावें, त्याचा एक नमुना वाचितों. नांव सांगणार नाहीं," असं म्हणून त्यांनी एक वही उघडली.

नाव गाळलं की माणूसही गळून पडतो, असं मास्तरांना तंजावरात बसून वाटलं असावं. शिकलेला माणूस, पुस्तकातल्या माणसांची त्याला सवय. त्यांनी मोठ्या प्रेमानं, शब्द न शब्द सुटा करून वाचलं:

"पहांटे त्यांची कप्पी वाजली. दोर हळू ओढितात. मध्यें थांबून दम घेतला. पोहरा काठावर आपटला, पाणी सांडलें. जेवणाआधीं मोहरी करपल्याचा वास आला. हल्लीं फार वेळां येतो. पूर्वीं त्यांच्यासारखी फोडणी ह्या गल्लींत कोणाला जमत नव्हती. डोळ्यांनीं दिसत नसावें. सायंकाळीं पायरीवर पाय चांचपून ठेविला. मुलाला सांगितलें नसेल. त्या सांगणाऱ्यांतल्या नव्हेत. मद्रासला जाणार म्हणतात. तेथें नळ आहे, दोर ओढावा लागणार नाहीं, तें बरें. पण मग आम्हांला पहांट झाली हें कळावें कसें?"

गल्लीत अर्धी विहीर असलेली घरं दोनच होती. वाचन संपेपर्यंत सगळ्या माना आधी गोमतीकडं वळल्या आणि मग अंबुजाकडं. गोमतीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अंबुजा देवापुढं पहिल्या रांगेत ताठ बसली होती. ती तशीच बसून राहिली. तीर्थ घेतलं, उठली आणि घरी निघाली. जाताना तिचा डावा हात भिंतीवरून सरकत होता. आधीही सरकत असेल, पण आज पहिल्यांदा सगळ्या गल्लीनं तो पाहिला.

"चांगलाच नमुना निघाला," घरी आल्यावर गुरुमूर्ति म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघून त्यानं थट्टा आवरती घेतली. "उद्या जा आणि वैनींशीं बोल."

"काय बोलूं?"

"वहींत लिहितेस तेंच."

"तें शंभर वर्षांनीं वाचायचें होतें," गोमती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पलीकडची कप्पी वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दूधवालीनं सांगितलं की अंबुजाम्मांनी पाणी भरायला मणी नावाचा पोऱ्या ठेवलाय, तो रस्त्यावरच्या नळावरून घागरी आणून देतो. फोडणीचा वासही येईनासा झाला. मागची खिडकी अंबुजानं लावून घेतली होती. गोमती समजायचं ते समजली. तोंडानं बोलणं बारा वर्षांपूर्वी गेलं होतं, ते कसं तरी निभलं होतं. आता कानानं जे नातं उरलं होतं तेही अंबुजानं काढून घेतलं. गोमतीचं जेवणावरून मन उडालं. वहीत तिनं रोज एकच ओळ लिहिली की आज कप्पी वाजली नाही.

पण बातमीला पाय असतात. पोंगल उलटून दोन दिवस झाले आणि दूधवालीनं नवीन आणलं. कोणीतरी नटराजला डोळ्यांचं कळवलं होतं आणि त्याचं पत्र आलं होतं. दिसत नसताना महामखाच्या गर्दीत आईनं मुळीच जायचं नाही. पर्वाच्या आधीच येऊन तिला घेऊन जातो, असं त्यानं लिहिलं होतं.

"अम्मांनी पत्र वाचून घेतलें आणि गप्प बसल्या," दूधवाली म्हणाली. "ह्या वयांत पुढचें महामख कोणीं पाहिलें आहे?"

गोमतीनं दुधाचं भांडं खाली ठेवलं. अंबुजा साठीला आली होती. म्हणजे या खेपेला थोरली जाऊ कोरडी राहणार होती आणि ते गोमतीच्या लिहिण्यामुळं. तिनं स्वतःच्या मनाला चाचपून बघितलं. फिटंफाट झाली असं कुठं वाटतंय का? नाही वाटलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यापुढं आपला बारा वर्षांचा हट्ट तिला पोरकट वाटला.

ती दूध तसंच ठेवून मागीलदारी गेली. विहिरीच्या काठावर दोन्ही हात टेकून कमानीखाली वाकली.

"वैनी."

आवाज पाण्यावरून पलीकडं गेला.  पलीकडं कोणीतरी भांडं घासायचं थांबलं.

"वैनी, मी गोमती."

"ठाऊक आहे," पलीकडून अंबुजा म्हणाली. आवाज थकलेला होता, पण धार तीच. "डोळे गेले आहेत, कान गेले नाहींत."

गोमती आणखी खाली वाकली. मग अंबुजाच बोलली.

"शंभर वर्षांनीं जन्मणाऱ्या माणसाला सांगतेस कीं माझी मोहरी करपते. मी येथें भिंतीपलीकडे बसलें आहें. मजला सांगावें असें तुजला एकदांही वाटलें नाहीं?"

 "रोज वाटलें," गोमती म्हणाली. "म्हणून तर लिहिलें."

 विहिरीत कुठंतरी थेंब पडत होता.

"वैनी, महामखाला राहा. मी हात धरून नेतें. नटराजला मी सांगतें."

"तुजला स्वयंपाक असेल," अंबुजा म्हणाली.

हा घाव वर्मी बसला. गोमतीनं तोंड फिरवलं. उठून जावं असं तिला वाटलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, आता धार गेलेला.

"त्या दिवशीं मी तुजला हाक मारणार होतें. उंबऱ्यापर्यंत आलें होतें. सासूबाई म्हणाल्या, तिला नेलेंस तर इतक्या पानांचें कोण पाहील? ती तरुण आहे, तिला पुढचें महामख मिळेल. मी ऐकिलें. थोरली होतें, नाहीं म्हणायला हवें होतें. म्हटलें नाहीं. पाण्यांत उतरलें तर तुझेंच तोंड दिसायला लागलें. मग परत येऊन तुझ्याशीं बोलूं तरी काय? तूंही गप्प. मग मलाही तें सोयीचें पडलें."

गोमतीला बारा वर्षं वाटत आलं होतं की आपल्याला विसरले. विसरले नव्हते. आठवण ठेवून चुलीशी ठेवलं होतं. कोणतं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना. पण अंबुजानं ते सांगितलं, त्यानं छातीवरची धोंड हलली, एवढं तिला कळलं.

"ह्या खेपेला स्वयंपाक नाहीं," ती म्हणाली.

बोलून गेली खरी, पण महामख म्हणजे काय ते मेलकावेरीतल्या बाईला सांगायला नको. तिरुनीलक्कुडीहून गुरुमूर्तीची आत्या गंगाबाई आपली पलटण घेऊन आली, मरुदानल्लूरची भजनी मंडळी आली, आणि ओळखीची नसलेली माणसं ओळखीच्यांचा हात धरून आली. ओसरीपासून मागीलदारापर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. नटराजही आला होता, आईला न्यायलाच. गोमतीकाकूनं त्याला भिंतीपाशी उभं करून सांगितलं की तुझ्या आईचा हात माझ्या हातात असेल आणि तो सुटला तर मी परत येणार नाही. नटराज लहानपणी या काकूच्या हातचं जेवलेला होता, पुढं तिच्या तोंडचा शब्द ऐकायला मात्र आसुसला होता. तो एवढा एक शब्द ऐकूनच गार झाला.

पर्वाच्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून हाक आली.

"गोमती, चल."

सगळ्या घरानं ऐकली. गोमती सोवळं नेसून तयारच होती. गंगाबाईआत्या चुलीकडं बघून म्हणाली, "अगे, चूल थंड आहे. स्नान करून आलेल्या माणसांनीं खायचें काय?"

"मी आल्यावर रांधीन," गोमती म्हणाली.

"तोंवर?"

"तोंवर भूक लागेल," असं म्हणून गोमती उंबरा ओलांडून गेली. त्या घरात असं वाक्य त्याआधी कोणत्या सुनेनं उच्चारलं नव्हतं. आत्यानं भाच्याकडं पाहिलं. गुरुमूर्तीनं धोतराचा काचा मारला.

"आयुष्यभर पातेलीं विकलीं," तो म्हणाला. "आज एकांत भात शिजवून पाहतों."

गोमती अंबुजाचा हात धरून गर्दीतून चालली. काय गर्दी ती! पाऊल आपण टाकायचं नाही, लोक टाकतील तसं पडू द्यायचं. गोमतीला सगळं दिसत होतं म्हणून ती घाबरत होती. अंबुजाला दिसत नव्हतं म्हणून ती निवांत होती. "उजवीकडे शेंगदाणे भाजताहेत, म्हणजे वळण आलें," असं ती मधेच सांगायची आणि ते बरोबर निघायचं. घाटाच्या पायऱ्यांवर मात्र ती थबकली. गोमतीनं एकेक पायरी सांगितली आणि दोघी कंबरभर पाण्यात पोचल्या. पाणी गढूळ आणि कोमट होतं, लाखो माणसांनी ढवळलेलं.

रीतीप्रमाणं थोरलीनं आधी बुडी घ्यायची. अंबुजा जागची हलली नाही. तिनं कमरेचा तांब्या काढला, पाण्यात बुडवला, दुसऱ्या हातानं गोमतीचं डोकं चाचपून शोधलं आणि पाणी ओतलं.

"तूं आधीं," ती म्हणाली. "तुझें मागचेंही राहिलें आहे."

दुसरा तांब्या ओतला. मग तिसरा. गोमती तशीच उभी राहिली.

"रडतेस कीं काय?" अंबुजानं विचारलं.

"होय," गोमती म्हणाली.

"रड," अंबुजा म्हणाली आणि नाक धरून स्वतः बुडी मारली.

दोघी परत आल्या तेव्हा गुरुमूर्तीचा भात झाला होता. तो खाली लागला होता, वर कच्चा होता आणि मधे जेवढा बरा होता तेवढा लोकांनी मिठाशी खाल्ला. गंगाबाईआत्या पुढं कित्येक वर्षं त्या भाताची निंदा करीत होती.

दोन दिवसांनी नटराज आईला घेऊन गेला. मद्रासला डोळ्यांच्या इस्पितळात तिचा मोतीबिंदू काढायचं ठरलं होतं. निघताना अंबुजानं विहिरीशी जाऊन आपल्या कप्पीला तेल घातलं. भाडेकऱ्यांना त्रास नको म्हणाली.

पुढच्या दिवाळीनंतर कल्याणराम मास्तर ट्रंक घेऊन वह्या गोळा करायला आले. विशालाक्षीनं दोन वह्या भरल्या होत्या. व्यंकोजीअण्णांनी पोटाची एक अखंड आणि निष्ठेनं लिहिलेली वही दिली. गोमतीची वही हातात घेतल्यावर मास्तर चमकले. ती जाडीला अर्धीसुद्धा नव्हती. त्यांनी महामखाचं पान काढलं. अशा दिवशी ज्या बाईला एवढं दिसतं-ऐकू येतं तिनं काय काय टिपलं असेल, या आशेनं ते महिनोन्महिने थांबले होते. पानावर एवढंच होतं: "आज वैनींची कप्पी वाजली नाहीं. परत आल्यावर दोघींनीं आमच्याच पोहऱ्यानं पाणी काढिलें."

त्याच्यापुढं अंबुजा मद्रासला गेली त्या दिवसाची एक ओळ होती. आणि त्याच्यापुढं काहीच नव्हतं. पानं शिवणीपासून नीट कापून घेतलेली होती.

"अम्मा, पुढचीं पानें?" मास्तरांनी कळवळून विचारलं. "अहो, शंभर वर्षांनीं कोणी वाचील, त्याला काय वाटेल?"

गोमती सुपात तांदूळ निवडत होती. सुपाशेजारी दुसरं एक कापलेलं पान पडलं होतं, तमिळ अक्षरांनी अर्धं भरलेलं, वर वाऱ्यानं उडू नये म्हणून पितळेची वाटी. मद्रासला अंबुजाची सून विजयलक्ष्मी ती पानं सासूला वाचून दाखवायची आणि उलट टपाली अंबुजा सांगेल तसं लिहायची. मोहरी आता करपत नाही, पण नळाच्या पाण्याला चव नाही.

"तीं मद्रासला गेलीं," गोमती म्हणाली. "एकेक करून. हेंही उद्या जाईल."